फ्रीवेवरून नुसता सायकलचा पूल, त्याला कोट्यवधी डॉलर?

सायकलवाली_आई:
आम्ही बे एरियात (कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) राहतो, घर आणि लेकीची शाळा यांच्या मधे फ्रीवे, म्हणजे सिग्नल नसलेला मोठा हायवे, आडवा. नकाशावर शाळा हाकेच्या अंतरावर दिसते, पण सायकलने जायचं तर इंटरचेंजवरून (जिथे गावातला रस्ता फ्रीवेला जोडतो), आणि तिथे ऑन-रॅम्पला, म्हणजे फ्रीवेवर चढायच्या रस्त्याला, वळणाऱ्या गाड्या आधीच सुसाट, सायकलवाल्याकडे बघतंय कोण. मग रोज गाडीनेच सोडते, म्हणजे त्या गर्दीत अजून एक भर माझीच 😄 परवा सिटीच्या मीटिंगला पुलाचा विषय निघाला, खर्चाचा आकडा ऐकून गारच पडले. चालायच्या पुलाला एवढं लागतं काय?

गर्डरभाऊ:
पुलांच्या डिझाइनमधे काम करतो. फ्रीवेवरचा भाग त्यातल्या त्यात सोपा, खरा घोळ दोन्ही टोकांना. हा पूल हलका, उंच ट्रक धडकला तर मोटारींच्या पुलासारखा तग धरत नाही, म्हणून मुद्दाम जास्त उंच ठेवतात. वरचा रस्ता खालच्या फ्रीवेपासून २० फूट धरा. आता व्हीलचेअर, बाबागाडी, सायकल सगळ्यांना जमायला हवं तर चढ २० ला १, म्हणजे २० फूट पुढे गेल्यावर १ फूट वर. मग २० फूट चढायला ४०० फूट रॅम्प, आणि पलीकडे उतरायला परत तेवढाच! १२ ला १ पण चालतो, पण मग दर ३० इंच चढल्यावर सपाट टप्पा द्यावा लागतो, सायकलवाल्याची लय जाते. एवढी मोकळी जागा वस्तीत मिळत नाही म्हणून रॅम्पला वेटोळी, जमिनीचे व्यवहार, शेजाऱ्यांची भांडणं. शिवाय दिवसा फ्रीवे बंद करता येत नाही, गर्डर (पुलाच्या लांब तुळया) रात्रीच चढवायचे.

पक्का_मुंबईकर:
क्युपर्टिनोचा मेरी अव्हेन्यूचा चालायचा-सायकलचा पूल बघून या, २८० नंबरच्या फ्रीवेवरचा. आता डॉन बर्नेट या माजी महापौरांचं नाव आहे त्याला. केबल-स्टेड (उंच खांबांना तारांनी तोललेला), साधारण ५०० फूट, खर्च दीड कोटी डॉलरच्या आसपास. २००९ ला सुरू झाला, आपला वांद्रे-वरळी सी लिंक पण केबल-स्टेड आणि त्याच वर्षीचा, फक्त तिथे चालायला आणि सायकलला बंदी 😑 आमचे बाबा इथे आले की रोज संध्याकाळी त्या पुलावर मधोमध उभे राहून खालच्या गाड्या बघतात.

शंकासुर:
बोगदा का नाही काढत? उंची कमी लागेल ना.

गर्डरभाऊ:
लागते कमी, दहा फुटांत भागतं. पण पाणी! पालो अल्टोला १०१ नंबरच्या फ्रीवेखालून असाच रस्ता होता ओढ्याला लागून, पावसाळ्यात पाणी भरायचं म्हणून महिनोन् महिने बंद. शेवटी २०२१ ला वरून पूलच केला.

सायकलवाली_आई:
४०० फूट वाचून नकाशा उघडून बसले. शाळेच्या बाजूला मैदान आहे, तिथे बसेल. आमच्या बाजूला सगळी लोकांची परसदारं, आणि त्यातलं एक आमचंच 🙈 नवऱ्याला अजून सांगितलं नाहीये.