मारुती ८००: इंजिनचं काम करू की दुसरं इंजिन बसवू?

मंडळी, सल्ला हवाय. बाबांची २००४ची ८००, एमपीएफआय (इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनवाली), १ लाख ३८ हजार किमी. सकाळी स्टार्ट केली की निळा धूर येतो आणि ऑइल कमी होतं. गॅरेजवाले म्हणतात, "खोलण्यात पैसे घालू नका, जुन्या बाजारातून इंजिन आणून बसवू." एक मित्र अल्टोचं इंजिन टाक म्हणतो. पासिंग २०२९पर्यंत आहे. गाडी विकायची नाही, बाबा तिच्यावरच चालवायला शिकवत होते.

घाटवाट : धूर फक्त सकाळी, पहिल्या मिनिटातच येतो का? मग आधी व्हॉल्व्ह सीलवर (ऑइल व्हॉल्व्हवाटे सिलिंडरमध्ये जाऊ न देणारं रबर) संशय घ्या. रात्रभर ऑइल झिरपतं आणि स्टार्टला जळतं. खंबाटकी घाट चढताना ॲक्सिलरेटर दाबल्यावरही मागे निळं दिसत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाब किती बनतो ते मोजणं) करून घ्या: आधी कोरडी, मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून. आकडा बराच वाढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) गेलेत. त्याआधी इंजिन उतरवूच देऊ नका.

जुनी_चावी : अल्टोचा नाद सोडा. सीसी तेच, ७९६, पण ते १२ व्हॉल्व्हचं. सोबत ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि वायरिंगही आलं. शिवाय आरसीवर इंजिन नंबर असतो. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी घ्या, बिल जपून ठेवा. बाजारातलं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर निस्तरणार तुम्ही. माझ्या भावाचं पासिंग नंबर न जुळल्यामुळेच अडलं होतं, म्हणून कळकळीने सांगतोय.

घाटवाट : आणि पत्रा बघा! मॅट उचलून फ्लोअर, जॅक लावायची जागा, पुढच्या सस्पेन्शनचे माउंटिंग. इंजिनचं काम कधीही होतं, पण तिथे सडलं असेल तर कुठल्याच इंजिनवर खर्च करू नका.

धागाकर्ता : टेस्ट झाली. तिन्ही सिलिंडर जवळजवळ सारखे, ऑइल टाकूनही फारसा फरक नाही. घाटात धूर नाही. फ्लोअर ठणठणीत, फक्त ड्रायव्हरच्या पायाखाली थोडा गंज.

घाटवाट : मग रिंगा ठीक आहेत, सीलच. हेड (इंजिनचा व्हॉल्व्हवाला वरचा भाग) उतरवतायच तर व्हॉल्व्ह घासून घ्या, हेड गॅस्केट नवीन, टायमिंग बेल्टही त्यातच बदला. गंज घासून प्रायमर मारा, पावसाळ्याआधी.

धागाकर्ता : रविवारी हेड उतरवतोय. बाबा गॅरेजात येऊन बसणार आहेत.