जिनिंगचं सॉफ्टवेअर बनवलंय, कॉपीराइट-लायसन्सचं कसं करायचं?

जळगावचा_कोडर: राम राम मंडळी. आम्ही दोघा मित्रांनी जिनिंगसाठी, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवलंय, काटा पावती, शेतकऱ्याचं पेमेंट, गाठी-सरकीचा स्टॉक सगळं एकात. चोपडा, धरणगाव, शिरपूरकडे चालू आहे. आता एक शेठ म्हणतात एकरकमी पैसे घ्या आन सोर्स कोड (सॉफ्टवेअरचा मूळ लिहिलेला प्रोग्राम) देऊन टाका, दुसऱ्यांना तेच सॉफ्टवेअर भाच्याच्या जिनिंगमध्येपण टाकायचंय. करार कुठलाच नाही, नुसती बिलं आहेत. पेटंट घ्यावं लागतं का? वकील इथलाच बघू का पुण्या-मुंबईचा? लई जीव लावून बनवलंय हो.

धुळे_वकीलताई: भाऊ, पेटंटमागे पैसे घालू नका, नुसत्या कॉम्प्युटर प्रोग्रामला आपल्याकडे पेटंट देत नाहीत. तुमचं काम कॉपीराइटमध्ये बसतं, १९५७ चा कायदा. कोड लिहिला तेव्हाच हक्क तयार झाला, नोंदणी सक्तीची नाही पण करून ठेवा, कोर्टात पुरावा म्हणून चालते. फॉर्म १४, फी ५०० रुपये, सोबत कोडची पहिली १० आणि शेवटची १० पानं, त्यात काहीही झाकलेलं चालत नाही. पण आधी एक सांगा, कोड तुम्ही दोघांनीच लिहिलाय ना?

जळगावचा_कोडर: पेमेंटचा भाग नाशिकच्या एका फ्रीलान्सर पोराने लिहिला ताई. त्याचे सगळे पैसे फोनपेने दिलेत, मग तो भाग आमचाच झाला ना?

धुळे_वकीलताई: नाही झाला, आणि हेच सगळ्यात आधी सोडवा. पगारी माणसाने नोकरीत लिहिलेला कोड मालकाचा असतो, फ्रीलान्सरचा मात्र त्याने लेखी असाइनमेंट, म्हणजे हक्क तुमच्या नावे करून देईपर्यंत त्याचाच राहतो, पैसे पोचले तरी. त्या कागदात मुदत आणि प्रदेश दोन्ही लिहा, मुदत नसेल तर ५ वर्षंच धरतात, प्रदेश नसेल तर फक्त भारत. संबंध गोड आहेत तोवरच सही घ्या. आणि तुम्ही दोघं मित्र, तुमच्यातपण लिहून ठेवा, कोण बाहेर पडला तर कोड कोणाचा.

कापूसवाला_चोपडा: आम्ही गिऱ्हाईक कोड का मागतो तेपण ऐका भो. ऐन सीझनमध्ये गेटवर कापसाच्या ट्रॅक्टरची लाइन लागलेली आन सॉफ्टवेअर बंद, तुमचा फोन लागत नाही, मग शेतकऱ्याला काय सांगू? आम्हाला मालकी नको, गॅरंटी पाहिजे.

धुळे_वकीलताई: बरोबर बोलले दादा. कोडरभाऊ, त्यासाठी एस्क्रो करता येतो, कोड तिसऱ्याकडे ठेवायचा आणि तुम्ही धंदा बंद केला किंवा सपोर्ट सोडला तरच शेठला मिळेल असं करारात लिहायचं. बाकी लायसन्स एका युनिटपुरतं द्या, किती कॉम्प्युटर ते लिहा, दुसऱ्याला देता येणार नाही हेपण, आणि डेटा गिऱ्हाईकाचाच. भाच्याची फर्म वेगळी असेल तर लायसन्सपण वेगळं. वकील कुठल्या गावचा ते सोडा, सॉफ्टवेअरचे करार केलेत का ते विचारा.

जळगावचा_कोडर: फोन केला त्या पोराला, रविवारी येतोय. शेठना तोपर्यंत थांबा सांगितलंय. ताई, मसुदा तुम्हालाच दाखवतो, फी सांगा.