रि: रि: फेब्रुवारीची सहल – स्टार्व्ड रॉकला जायचं का?

सहल समिती, सोमवार

नमस्कार मंडळी,
संक्रांत झाली, तिळगूळ अजून दोन डबे उरलाय, हवा असेल त्यांनी घेऊन जावा. पुढचा बेत: फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी स्टार्व्ड रॉक स्टेट पार्क. शिकागोहून आय-८० ने दीड-दोन तास, युटिकाजवळ. प्रवेशाला पैसे नाहीत. येणार असाल तर माणसं किती ते कळवा.

शॉमबर्गहून, सोमवार रात्री

> फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी

अहो, कुडकुडायला जायचं का? तिथे जायचं ते धबधब्यांसाठी. जूनमध्ये ठेवा, नाहीतर ऑक्टोबरात, पानं रंगतात तेव्हा. शिवाय नावातच उपासमार, त्यात थंडी. आमच्याकडून दोन नावं, पण जूनसाठी!

नेपरव्हिलहून, मंगळवार

ताई, आम्ही तिथे चारही ऋतूंत जाऊन आलोय, म्हणून सांगतो. दऱ्या अठरा आहेत, पण पाणी पडतं ते पावसानंतर नाहीतर बर्फ वितळताना. जुलैत आम्ही घाम पुसत पोचलो तर समोर धबधबा कसला, नळ नीट बंद न केल्यावर गळतो तेवढी धार. ऑक्टोबरातल्या शनिवारी तर गाडी लावायला जागा मिळेना, तासभर रांगेत बसून डबे गाडीतच खाल्ले आणि घरी आलो.

फेब्रुवारीत तेच पाणी खांबासारखं उभं गोठतं. वाइल्डकॅट कॅनियनचा तो खांब ऐंशी फूट असेल. पांढरा नसतो बरं का. मातीमुळे मध्येच पिवळट, आत निळा. माणसं दोर आणि कुदळी घेऊन त्याच्यावर चढत असतात, आपण खालून चहा पीत बघायचं.

पण मी म्हणतो ते गरुडांसाठी चला. इलिनॉय नदी वरपासून खालपर्यंत गोठली तरी स्टार्व्ड रॉकच्या धरणाखाली पाणी घुसळत राहतं, तिथे बर्फ धरत नाही. दरवाजांतून आलेले मासे गरगरून वर येतात आणि उत्तरेकडून आलेले पांढऱ्या डोक्याचे गरुड, बाल्ड ईगल, त्यांच्यावर टपून समोरच्या प्लम बेटावरच्या झाडांत बसलेले असतात. गेल्या वर्षी मी एकाला बर्फाच्या तरंगत्या लादीवर मासा पायाखाली दाबून खाताना पाहिलं. शेजारी एक सबंध तपकिरी पिल्लू उभं, आईच्या ताटात हात घालावा तसं मान पुढे करून. ते पिल्लू म्हणजे दुसऱ्या जातीचा पक्षी नव्हे. डोकं पांढरं व्हायला चार-पाच वर्षं लागतात. आणि आवाज! सिनेमात गरुड ओरडतो तो आवाज बहुतेकदा रेड-टेल्ड हॉकचा असतो. खरा हा कोंबडीच्या पिल्लासारखा चिवचिवतो. आमची नात हसून हसून बसली.

एक युक्ती: आधी पार्कात शिरू नका. पुलाअलीकडे, उत्तर काठावर, धरणाला लागून इलिनॉय जलमार्गाचं व्हिजिटर सेंटर आहे. तिथून गरुड जवळ दिसतात, ऊब असते, बाथरूम स्वच्छ. नशिबात असेल तर बार्ज, म्हणजे मालवाहू तराफा, लॉकमधून (बोटी वर-खाली करणाऱ्या दरवाजांच्या हौदातून) जाताना दिसेल. मग पूल ओलांडून खडकावर.

खडकावर चढलात की पहिल्यांदा काय वाटेल सांगू? गड! सव्वाशे फूट, तीन बाजूंनी तुटलेला कडा, खाली नदी, वर यायला एकच सोपी बाजू. फ्रेंचांच्या वतीने आलेल्या ला साल आणि टोंटी या दोघांनी १६८२-८३च्या हिवाळ्यात इथे फोर्ट सेंट लुईस बांधला. तिकडे औरंगजेब दख्खनेत उतरला होता त्याच दिवसांत. टोंटीचा एक हात हातबाँबने गेला होता, तिथे धातूचा पंजा बसवलेला. किल्ल्याचं आज काही उरलेलं नाही, लाकडी फळ्यांची वाट आणि कठडा आहे. वरून नदी बघत मी गेल्या खेपेस मुलांना नावाची गोष्ट सांगितली होती, या वेळीही सांगेन.

ऑरोराहून, मंगळवार रात्री

काका, माझा मुलगा त्या दिवशी तुमच्याच घोळक्यात होता, म्हणून लिहिते. घरी येऊन म्हणाला, "इलिनॉय लोक सगळे उपाशी मेले, एकही उरला नाही." मग आम्ही दोघांनी बसून शोधलं.

गोष्ट अशी: इलिनॉय लोक म्हणजे इथले मूळ रहिवासी, पिओरिया ही त्यांच्यातलीच एक जमात. १७६९ मध्ये काहोकिया गावी एका पिओरिया माणसाने ऑटावा जमातीचा पुढारी पाँटिअॅक याला मारलं, त्याचा सूड म्हणून पोटावाटोमी आणि ऑटावा जमातींनी इलिनॉय लोकांना या खडकावर कोंडलं आणि ते भुकेने मेले. पण त्या काळचा लेखी पुरावा नाही. गोष्ट छापली गेली पुढच्या शतकात, जमिनी घेणारे येऊन बसल्यावर. "इथले लोक आपापसातच संपले" हे त्यांना सोयीचंच होतं, असं आपलं माझं मत. आणि एकही उरला नाही हे तर धडधडीत चूक. इलिनॉय लोकांचे वंशज आज पिओरिया ट्राइब म्हणून ओक्लाहोमात मायामी गावी आहेत, त्यांचं स्वतःचं सरकार आहे.

वरून जे दाखवायचं ते समोरच्या काठावर आहे. जिथे आता नुसतं गवत दिसतं तिथे कास्कास्कियांचं, म्हणजे इलिनॉय लोकांतल्याच एका जमातीचं, मोठं गाव होतं, हजारो माणसांचं. मार्केत आणि जोलिए हे फ्रेंच प्रवासी १६७३ मध्ये तिथेच उतरले. १६८० मध्ये पूर्वेकडच्या इरोक्वा जमाती चालून आल्या आणि त्यांनी गाव उद्ध्वस्त केलं, हे मात्र लिहिलेलं आहे. किल्ला झाल्यावर लोक परत येऊन आसऱ्याने राहिले.

नेपरव्हिलहून, बुधवार पहाटे

चूक कबूल. मी पार्कात कुठेतरी वाचलेलं वीस वर्षं तसंच सांगत आलो. या खेपेस खडकावर तू बोल, मी डबे सांभाळतो. मुलाला सांग, काकांनी कान पकडले.

सहल समिती, बुधवार

तारीख कायम. दोन-तीन गोष्टी: गेल्या वर्षी लाकडी जिन्यावर बर्फ होता आणि आमच्यातले दोघे बसून घसरत खाली आले, एकाचं मनगट मोडलं. बुटांना लावायचे स्पाइक्स प्रत्येकाने आणायचेच. वाट सोडून कडेला जायचं नाही. तिथला वालुकाश्म इतका मऊ की नखाने खरवडला तरी वाळू निघते, आणि कड्यावरून पडून माणसं गेलेली आहेत. दुर्बिणी असतील तर आणा, मंडळाकडे एकच आहे आणि तिची डावी बाजू धूसर दिसते.

थालीपीठ गोठून पत्रा होतं, तेव्हा गुळाची पोळी बरी. आतापर्यंत सत्तावीस जण. शॉमबर्गच्या काकू, तुमचं काय?

शॉमबर्गहून, बुधवार दुपारी

दोन. पण स्पाइक्स कुठल्या मापाचे घ्यायचे ते कोणीतरी फोन करून सांगा, बूट यांचे जुनेच आहेत.