पो-२ आणि रात्रीच्या बॉम्बर वैमानिका: उपेक्षा की योग्य निवड?

रातकिडा: दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत ५८८व्या रात्र-बॉम्बर रेजिमेंटमध्ये वैमानिक, नेव्हिगेटर, मेकॅनिक, बॉम्ब चढवणाऱ्या, सगळ्या स्त्रियाच. १९४२च्या जूनपासून त्या पो-२ (तेव्हाचं यू-२) घेऊन लढल्या. लाकडी सांगाडा, त्यावर कापड, शंभर अश्वशक्तीचं इंजिन, मुळात शिकाऊंसाठी बनवलेलं विमान. बायका म्हणून उरलंसुरलं त्यांच्या गळ्यात मारलं, असं माझं ठाम मत आहे.

होकायंत्र: साफ असहमत. पुरुषांच्या कितीतरी रेजिमेंट रात्री हेच विमान उडवत होत्या. शिवाय प्रसिद्ध सोव्हिएत वैमानिक मरिना रास्कोवांनी एंगेल्स शहरात उभ्या केलेल्या स्त्रियांच्या तीन रेजिमेंटपैकी ५८६ला याक-१ हे लढाऊ विमान मिळालं आणि ५८७ला पे-२ हे बॉम्बर. दोन्ही त्या काळची आधुनिक विमानं.

शत्रूला रात्रभर झोपू न देणं हे काम होतं, आणि त्याला पो-२ चपखल. आघाडीजवळच्या कुठल्याही माळावर उतरतं. लक्ष्याजवळ इंजिन मंद करून घसरत यायचं. खाली ऐकू येते ती फक्त पंखांच्या तारांमधली वाऱ्याची शीळ. सर्चलाइट असले तर दोन विमानं मुद्दाम उजेडात शिरून दोन दिशांना पळायची, तेवढ्यात तिसरं अंधारातून बॉम्ब टाकायचं. मग पाळी बदलायची.

वंगण: जमिनीवरचं कामही बघा. एका विमानाला एक मेकॅनिक ही नियमातली पद्धत ५८८च्या कमांडर बेर्शान्स्काया यांच्या रेजिमेंटने मोडली. उतरलेलं विमान एक टोळी ताब्यात घ्यायची, दुसरी पेट्रोल भरायची, तिसरी बॉम्ब लावायची. पाचेक मिनिटांत विमान परत हवेत. विमान साधं होतं म्हणूनच हे जमलं.

रातकिडा: पुरुषांनाही तेच विमान होतं, हा मुद्दा मान्य. पण १९४४पर्यंत या बायका पॅराशूटशिवाय उडाल्या त्याचं काय? ३१ जुलै १९४३ची रात्र, दक्षिण रशियातली कुबानची आघाडी. सर्चलाइट लागले, तरी विमानविरोधी तोफा गप्प, कारण वर जर्मन रात्र-लढाऊ विमान फिरत होतं. चार पो-२ पेटली, आठ जणी गेल्या. कापडाला आग लागली की उडी मारायचीही सोय नाही!

होकायंत्र: ती चूक वरिष्ठांची, विमानाची नव्हे. दोन पॅराशूटांच्या वजनात २५ किलोचा एक बॉम्ब बसतो, म्हणून पॅराशूट नकोत, हा हिशेब मला अजिबात पटत नाही. प्रशिक्षित जोडी गमावणं त्याहून कितीतरी महाग. रेजिमेंटमधल्या २३ जणींना ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा किताब मिळाला, त्यातले पाच मरणोत्तर.