डेटोना युएसएचं जुनं कॅबिनेट पीसीवर चालवायचंय, स्टिअरिंग आणि मॉनिटरचं काय करू?

चेंबूरकर_रेसर: अंधेरीतला एक गेम झोन बंद झाला तिथून सेगाचं डेटोना युएसए, म्हणजे कार रेसिंगच्या गेमचं कॅबिनेट, उचललंय, ट्विनमधला (दोघांच्या जोड कॅबिनेटमधला) एकच भाग. गेमचा बोर्ड मेलाय पण स्टिअरिंग, पेडल, चार गिअरचा शिफ्टर, सीआरटी (जुना ट्यूबवाला मॉनिटर) सगळं शाबूत. आत पीसी बसवायचाय. स्टिअरिंग काढून सरळ यूएसबी व्हील लावू का? आणि पीसीची व्हीजीए वायर मॉनिटरला डायरेक्ट चालेल का?

सोल्डरवाला: अरे स्टिअरिंगला हात लावू नकोस, तो जडपणा घरगुती व्हीलला नाही येत! आत साधा पॉट (पोटेन्शिओमीटर, फिरवला की व्होल्टेज बदलतो तो) आहे, पेडलनाही तसेच. लॅमिंग्टन रोडवरून अर्डुइनो लिओनार्डो नाहीतर प्रो मायक्रो हा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड घे, 32यू4 चिपवालाच, अर्डुइनोचाच उनो बोर्ड पीसीला सरळ जॉयस्टिक म्हणून दिसत नाही. पॉटची एक टोकाची पिन 5 व्होल्टला, दुसरी ग्राउंडला, मधली अॅनालॉग पिनला. रीडिंग 0 ते 1023 पूर्ण येणार नाही कारण व्हील पॉटला टोकापर्यंत फिरवतच नाही, ते कॅलिब्रेशनमध्ये निघतं. व्हील स्थिर धरूनही आकडे नाचत असतील तर आतली पट्टी झिजलीय, पॉट बदल. शिफ्टरमध्ये नुसते स्विच आहेत, ते डिजिटल पिनांना.

पिक्चरट्यूब_दादर: व्हीजीए डायरेक्ट जोडू नका. हा मॉनिटर 24 किलोहर्ट्झचा (चित्राच्या आडव्या रेषा काढायचा वेग), पीसी 31 देतो, चित्र तर येणार नाहीच, वर मॉनिटरवर ताण येतो तो वेगळा. जुनं रेडिऑन ग्राफिक्स कार्ड आणि त्याच्यासाठीचं सीआरटी इमूड्रायव्हर हे सॉफ्टवेअर वापरा, त्यात 496 बाय 384 सेट होतं, मूळ गेमचं रिझोल्यूशन तेच, आणि काय सुंदर दिसतं ते बघाच. ट्यूबच्या अॅनोडवर (काचेला जाड वायर लागते तिथे) 20 हजार व्होल्टच्या वर असतात, प्लग काढला तरी चार्ज उरतो, त्यामुळे डिस्चार्ज करता येणारा माणूस सोबत असल्याशिवाय चॅसिसला (मॉनिटरच्या आतल्या सर्किटला) हात नको. आणि कॅबिनेटमागची पाटी वाचली का?

चेंबूरकर_रेसर: आत्ता टॉर्च मारून बघितली काका, 100 व्होल्ट लिहिलंय. प्लग अजून लावलेला नाही.

पिक्चरट्यूब_दादर: फार बरं झालं, आपल्या 230 वर सरळ लावलं असतं तर पॉवर सप्लाय गेलाच असता. 230 चे 100 करणारा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर घ्या पण दुकानदार स्वस्तातला ऑटो ट्रान्सफॉर्मर (एकाच वाइंडिंगचा) पुढे करेल, तो नको, वेगळ्या वाइंडिंगचा मागा. लोड पाटीवर असतो, त्याच्यापेक्षा मोठाच घ्या. पीसी मात्र 230 वरच.

सोल्डरवाला: आणि फोर्स फीडबॅकची (स्टिअरिंगला झटके देणारी) मोटर सध्या बंदच ठेव, तिचा ड्राइव्ह बोर्ड वेगळा असतो, तो नीट जपून ठेव, फेकू नकोस. आधी गाडी पळू दे.