कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या पदपथावर गर्दीच्या वेळी कुत्रं नको, असं माझं मत. तुमचं काय?

आरकेनगरवाला:
घरात लॅब्राडॉर असलेला माणूस म्हणूनच हे लिहितोय. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी पाचनंतर रंकाळ्यावर कुत्रं आणू नये. गेल्या आठवड्यात शालिनी पॅलेसच्या बाजूला कुणाच्या तरी कुत्र्याची लांब दोरी एका आजींच्या पायात अडकली आणि त्या पडल्या. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब. सकाळी फिरायला येणाऱ्यांत वयस्कर माणसं भरपूर, आणि पदपथ काही रुंद होणार नाही. त्यात चौपाटीच्या गाड्यांभोवती भटक्या कुत्र्यांची टोळी. तिच्या हद्दीतून आपलं कुत्रं न्यायचं म्हणजे रोजची भांडणं.

बरं, जागा नाहीत असंही नाही. कळंबा तलावाचा बांध आहे, टेंबलाई टेकडीचा चढ आहे, राजाराम तलावाकडचा रस्ता आहे. मी बहुतेक वेळा शेंडा पार्कला जातो. तिथं हळूहळू इमारती उभ्या राहतायत, पण अजून मोकळं रान बरंच आहे, माणसांची ये-जा कमी. कुत्र्याला नाक खाली घालून हुंगत हुंगत चालायला मिळतं. कुत्र्याला फिरणं म्हणजे हुंगणंच. रंकाळ्यावर आपण त्याला नुसतं ओढत नेतो.

पेठेतला:
तुमच्याकडं चारचाकी हाय म्हणून शेंडा पार्क जवळ वाटतंय. शिवाजी पेठेतल्या माणसानं कुत्रं मोटरसायकलवर बसवून कळंब्याला न्यायचं काय? आमच्या गल्लीत दोन गाड्या समोरासमोर लागल्या की माणसाला आडवं होऊन जावं लागतंय. आम्हाला मोकळी हवा म्हटलं की रंकाळाच. माझे वडील पंचाहत्तरीचे. आमचा पॉमेरियन त्यांच्याबरोबर हळूहळू चालतोय. कुत्र्यामुळंच ते घराबाहेर पडतात, न्हाईतर दिवसभर टीव्हीपुढं बसतील. त्यांना 'सहा ते आठ येऊ नका' म्हणून तुम्ही सांगणार?

आणि कायद्याचं बघा. ॲनिमल वेल्फेअर बोर्डानं २०१५ सालीच परिपत्रक काढलंय की बागेत, पार्कात पाळीव जनावरांना सरसकट बंदी घालू नये.

सकाळची फेरी:
त्याच परिपत्रकात पुढं हेही आहे की लोकांच्या सोयीनुसार वेळा ठरवून घ्याव्यात. ते का नाही लिहिलंत? मूळ धाग्यात बंदीची मागणी नाहीच, वेळेचीच आहे.

मी कुत्र्यांना घाबरत नाही, पण मला राग येतो तो शी न उचलणाऱ्यांचा. पदपथाच्या कडेला गवतात कुत्रं बसतं, मालक मोबाईल काढतो आणि आभाळाकडं बघतो. तिथंच लहान मुलं बॉल घेऊन लोळतात. खिशात जुना पेपर किंवा पिशवी ठेवायला कितीसा खर्च येतो? ज्याच्या हातात पिशवी नाही त्याला कुत्रं घेऊन येऊच देऊ नये. कोणतीही वेळ असो.

आणि कायदाच काढायचा असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ पण वाचा. पाळलेल्या जनावरापासून माणसाला इजा होऊ नये याची काळजी मालकानं घेतली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पेठेतला:
पिशवीचं मान्य. आम्ही नेतो. पण रंकाळ्याच्या घाणीची एवढी काळजी असेल तर आधी नाल्यांचं बोला. वर्षानुवर्षं सांडपाणी मिसळून पाणी हिरवं झालं, जलपर्णी माजली, मासे मेले. ते कुत्र्यांनी केलं का?

सकाळची फेरी:
नाही. पण नाला बंद होईपर्यंत आपण शी उचलायची नाही, असं थोडंच आहे? नाला महापालिकेच्या हातात आहे, पिशवी तुमच्या.

पशुवैद्य, राजारामपुरी:
दोन्ही बाजू वाचल्या. माझ्या टेबलावर जे येतं त्यावरून सांगतो.

शी उचलण्यावर वाद नकोच. त्यातून गोल जंत आणि आकडेकृमींची अंडी मातीत जातात आणि मातीत खेळणाऱ्या मुलांना त्रास होतो. कुत्र्याला वेळच्या वेळी जंताचं औषध द्या.

आता जागांचं. कळंब्याचा बांध चांगला आहे, पण त्या तलावाचं पाणी प्यायला वापरतात, तेव्हा कुत्रं पाण्यात सोडू नका. हिवाळ्यात तिथं स्थलांतरित पक्षी उतरतात, त्यांच्या मागे धावू देऊ नका. टेंबलाईला एरवी जरूर जा, पण आषाढात यात्रेचे मंगळवार-शुक्रवार टाळा. पी-ढबाक वाद्यांचा आवाज, गर्दी, नवं पाणी घेऊन येणाऱ्या बायका. कुत्रं बिथरतं. शिवाय यात्रा झाली की गल्लोगल्ली मटण-कोंबडीची हाडं पडलेली असतात. शिजवलेलं कोंबडीचं हाड चावलं की त्याच्या सुईसारख्या चिरफळ्या होतात, घशात नाहीतर आतड्यात अडकतात. त्या दिवसांत दोरी आखूड धरा आणि नजर त्याच्या तोंडावर ठेवा.

उसाच्या फडाकडेनं फिरवणारेही बरेच आहेत. पावसाळ्यानंतर तिथं गवतात गोचीड असतात, बांधावर घोणस निघते, आणि तणनाशक मारलेलं आहे का ते दिसत नाही. घरी आल्यावर कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि शेपटीखाली हात फिरवून बघा. गोचीड ताप लवकर कळला तर औषधानं बरा होतो, उशीर झाला तर रक्त द्यायची वेळ येते. आणि गळीत हंगामात ऊस भरलेले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या जोडून, मोठमोठ्यानं गाणी लावून जातात. त्या आवाजानं कुत्रं गळ्यातला पट्टा सोडवून पळतं. छातीचा पट्टा वापरा.

पंचगंगेला पूर येऊन गेला की घाटाकडं काही दिवस जाऊच नका. साचलेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) होतो. लस घेतलेली असली तरी.

कारवानीप्रेमी:
डॉक्टर, माझ्याकडं कारवानी आहे. सशामागं धावायसाठीच घडलेली जात, दोरीवर चालवून भागतच नाही. पळवायला मिळालं नाही की घरातले दरवाजे खरवडतं. मी पहाटे मैदानावर नेतो, पण तिथं तालमीची पोरं पळायला येतात आणि पळणारा माणूस दिसला की ह्याला जोर चढतो. म्हणून रविवारी मसाई पठारावर नेऊन मोकळं सोडतो. कुणाला त्रास नाही.

पक्षीवाला:
त्रास आहे. पठारावर टिटवी, चंडोल जमिनीवरच घरटं करतात. अंडी खड्यांसारखी दिसतात, तुम्हाला दिसणारसुद्धा नाहीत. धनगरांची मेंढरं, गावातली गुरं चरत असतात. तुमचं कारवानी एका मेंढरामागं लागलं तर अख्खा कळप कड्याकडं पळेल. आणि पन्हाळ्याच्या त्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. कुत्रं हे त्याचं आवडतं भक्ष्य.

विद्यापीठाच्या आवारात कुत्रं नेण्यालाही माझा विरोध आहे. तिथं मोर उघड्यावर फिरतात. शहराला लागून एवढी झाडी आणि एवढे मोर कुठं राहिलेत?

कारवानीप्रेमी:
मग मी पळवू कुठं? रंकाळ्यावर नको, मैदानावर नको, पठारावर नको, विद्यापीठात नको. सगळेच सांगताय कुठं न्यायचं नाही. कुंपण घातलेली एक एकर जागा द्या शहरात. एक फाटक, पाण्याची टाकी, शी टाकायला डबा. मोठ्या कुत्र्यांना वेगळा भाग. मी महिन्याला पैसे भरायला तयार आहे.

आरकेनगरवाला:
ही मागणी मला सगळ्यात पटली. पुण्या-मुंबईत असं आहे, इथंही होऊ शकतं. शेंडा पार्कच्या एखाद्या कोपऱ्यात किंवा महापालिकेच्या वापरात नसलेल्या एखाद्या बागेत. मात्र आत येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याचं रेबीज लसीचं कार्ड बघितलंच पाहिजे.

पेठेतला:
जागा करा, आम्ही विरोध करत न्हाई. पण ती पुन्हा शेंडा पार्कलाच? पेठेतल्या माणसाचं काय, ते तसंच राहिलं की. गांधी मैदानाच्या एका कडेला करा, मग बोलू.

सकाळची फेरी:
गांधी मैदानात पावसाळ्यात तळं साचतं आणि बाकी वर्षभर पोरं क्रिकेट खेळतात. तिथली जागा मुलांची काढून घेऊ नका. रंकाळ्यावर सकाळी आठनंतर या, माझी ना नाही.

पेठेतला:
आठनंतर? एप्रिलात साडेआठला फरशी तापते. तळहाताची मागची बाजू फरशीवर सात सेकंद ठेवून बघा, चटका बसला तर कुत्र्याच्या पंजालाही बसतोय. वेळ द्यायचीच असंल तर पहाटे पाच ते सहा द्या. वडील तसेही चारला उठतात.

सकाळची फेरी:
पाच ते सहा चालेल मला. दोरी आखूड, पिशवी हातात. पण ही वेळ फलकावर लिहायला हवी, नाहीतर आपण दोघंच पाळू. महापालिकेला अर्ज करायचा तर सही करायला मी तयार आहे, तुम्ही मसुदा लिहा.

पेठेतला:
लिहितो. डॉक्टर, जंताच्या औषधाचं आणि लसीचं दोन ओळी तुम्ही घाला त्यात.