पेरूची खाद्यसहल: लिमाला किती दिवस, डोंगरात किती?

प्रेषक: मेधा

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये मंडळातली आम्ही तीन-चार कुटुंबं आठवडाभर पेरूला जायचं म्हणतोय. माचू पिचू पुढे कधीतरी. या वेळी फक्त तिथलं पारंपरिक खाणं. पाच दिवस लिमा, दोन दिवस डोंगरातलं कुस्को असा बेत आहे. निम्मे लोक शाकाहारी. शुभदाताई, तुम्ही तिकडे राहिलेल्या आहात. बेत ठीक वाटतो का?

प्रेषक: शुभदा

मेधा, बेत उलटा कर. लिमाला दोन दिवस पुरेत, बाकीचे डोंगराला दे.

लिमात सेविचे खायचं ते दुपारीच. सकाळी आलेला मासा दुपारपर्यंत संपवायचा हा तिथला शिरस्ता, त्यामुळे अनेक जुन्या खानावळी संध्याकाळी बंदच असतात. लिंबाच्या रसात मुरलेला कच्चा मासा, कांदा, मिरची, शेजारी उकडलेलं रताळं आणि टपोऱ्या दाण्यांचा मका. 2023 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत सेविचेचं नाव गेलं. लोमो साल्तादो चिनी स्थलांतरितांच्या कढईतून आलेला पदार्थ, पण त्यात गोमांस असतं, ज्यांना चालत नाही त्यांना आधीच सांगून ठेव. मुलांना चिचा मोरादा द्या: जांभळा मका, अननसाची सालं, दालचिनी, लवंग उकळून केलेलं सरबत.

कुस्को सुमारे 3400 मीटरवर आहे. विमानातून उतरल्यावर तिथे न थांबता थेट खाली उरुबांबाच्या खोऱ्यात जा, पहिल्या रात्री क्विनोआचं सूप घेऊन झोपा. दम लागत असताना कसली चव कळणार!

आणि जून निवडलास हे फार छान झालं. बटाट्याची काढणी नुकतीच उरकत आलेली असते, तेव्हा शेतातच वातिया लावतात. ढेकळांची गुडघाभर उंचीची घुमटी रचायची, आत काटक्या पेटवायच्या. ढेकळं चांगली तापली की निखारे बाजूला सारून बटाटे आत टाकायचे आणि अख्खी घुमटी त्यांच्यावर मोडायची. वरून माती. थोड्या वेळाने उकरून काढलेला बटाटा हाताने सोलून ताज्या चीजबरोबर आणि उचुकुताबरोबर खायचा. उचुकुता म्हणजे मिरची आणि वाकाताय पाट्यावर वाटून केलेली चटणी. वाकाताय हा झेंडूच्या जातकुळीतला पाला, त्याचा वास विसरता येत नाही. त्याच खोऱ्यातल्या पिसाकच्या वरच्या गावांनी मिळून 'पार्के दे ला पापा' नावाचं बटाट्याचं रान राखलंय, तिथे आधी ठरवून जा. पेरूत बटाट्याच्या 3000 हून जास्त जाती आहेत. त्यातले चार रंग जरी पानात पडले तरी डोळे उघडतात.

कुस्कोच्या सान पेद्रो बाजारात चुन्यो नक्की बघ. काळे, हलके, गारगोट्यांसारखे दिसणारे बटाटे. जून-जुलैच्या कडाक्याच्या रात्री उघड्यावर पसरून गोठवतात, दिवसा वितळले की पायाने तुडवून पाणी काढतात आणि उन्हात वाळवतात. हे वर्षानुवर्षं टिकतात. वाहत्या पाण्यात बुडवून ठेवून मग वाळवलेले पांढरे, ते मोराया. उंचावरचे कडू बटाटे एरवी खाता येत नाहीत; थंडी, पाणी आणि ऊन यांच्या जोरावर तिथल्या बायाबापड्यांनी त्याचं अन्न केलं. मोठ्या हॉटेलांतल्या सजवलेल्या ताटांपेक्षा मला हे कितीतरी मोठं वाटतं.

शाकाहाऱ्यांनी नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही, कोंबडी येऊ शकते. 'नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो' (मी मांस, कोंबडी, मासे खात नाही) असं तिन्ही सांगा. सूप कशात उकळलंय तेही विचारा. पापा आ ला वांकाईना (चीज आणि पिवळ्या मिरचीच्या दाट रश्शातले बटाटे, वर उकडलेलं अंडं), सोल्तेरितो (चीज, मका आणि शेंगांच्या दाण्यांची कोशिंबीर), कणीस आणि चीज, गुळाच्या पाकातले पिकारोनेस (रताळं-भोपळ्याच्या तळलेल्या कड्या). पोट भरेल.

प्रेषक: वसंतकाका

शुभदा, वातियाचं वाचून अलिबागची पोपटीच आठवली गं! मडकं नाही आणि भांबुर्ड्याचा पालाही नाही, पण रानातच पेटवायचं, तिथेच बसून खायचं. मेधा, 24 जूनला कुस्कोत इंती राइमीचा उत्सव असतो. गर्दी आणि भाडी दोन्ही वाढतात, तारखा बघून घे.

प्रेषक: मेधा

काका, ताई, मनापासून आभार. एकच शंका: आई बरोबर आहे आणि सहलीत संकष्टी येतेय. उपवासाला काय मिळेल?

प्रेषक: शुभदा

'किविचा' नावाचं धान्य माग, तो राजगिराच. फुलवून पाकात घातलेल्या वड्या बाजारात मिळतात. मधाच्या, गुळाच्या, शेंगदाणे घातलेल्याही. शिवाय उकडलेले बटाटे आणि फळं. तुझ्या आईंना लुकुमा आणि चिरिमोया ही फळं दे. चिरिमोया सीताफळाच्याच कुळातलं.

प्रेषक: मेधा

ठरलं. लिमाच्या तीन रात्री आज रद्द करते, 12 ते 19 जून पक्कं. अजून कुणाला यायचं असेल तर रविवारपर्यंत कळवा, खोऱ्यातल्या खोल्या थोड्याच आहेत.